हवेतलं लोडशेडिंग: छोट्या विमानात विजेची गडबड झाली तर

लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या माणसाला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. वीज गेली की इन्व्हर्टरवर काय चालवायचं आणि काय नाही, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. फ्रिज बंद, गिझर बंद, एक पंखा, एक दिवा. आणि कोणीतरी घड्याळाकडे बघून म्हणतं, "नऊला गेली ना, मग साडेअकराशिवाय काही येत नाही."

सोलापूरच्या वाटेवर, टेंभुर्णीच्या आसपास, साडेपाच हजार फुटांवर माझ्या सेसना १७२ चा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बंद पडला तेव्हा हे सगळं शहाणपण कुठे गेलं कोण जाणे. मी तेव्हा शिकत होते; सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकटीचं लांबचं उड्डाण, होती. अँमीटरची सुई शून्याच्या डावीकडे गेलेली दिसली आणि मी मनाशी म्हटलं, मीटर बिघडला असेल. मग रेडिओवर सोलापूरला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. चार-पाच वेळा बटण दाबून मी त्याच बॅटरीतली वीज उडवत होते, जी मला पुढे वाचवायची होती.

आता मी शिकवते, आणि नवे विद्यार्थी याबद्दल विचारतात तेव्हा जे सांगते ते इथे लिहिते आहे. तुमच्या विमानाचं पीओएच, म्हणजे पायलटचं ऑपरेटिंग हँडबुक, आणि तुमच्या शाळेची चेकलिस्ट या दोन्हींना माझ्या लिहिण्यापेक्षा वरचं माना. कुठे फरक दिसला तर माझं सोडा, त्यांचं ऐका.

उडण्याआधी: काय विजेवर चालतं, काय नाही

पहिली गोष्ट पाठ करा. साध्या लायकमिंग इंजिनाच्या सेसना किंवा पाइपरमध्ये वीज गेली म्हणून इंजिन थांबत नाही. स्पार्क प्लगला ठिणगी देतात ते दोन मॅग्नेटो, आणि मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यावर स्वतःची वीज तयार करतात. बॅटरी, अल्टरनेटर, मास्टर स्विच यांच्याशी त्यांचा संबंध नाही. जुन्या स्कूटरची बॅटरी मेली तरी किक मारून ती चालायची, तसंच. हे डोक्यात पक्कं असलं की निम्मी घाबरगुंडी जागच्या जागी उतरते.

एअरस्पीड, अल्टिमीटर आणि व्हर्टिकल स्पीड ही तिन्ही हवेच्या दाबावर चालतात, त्यामुळे शाबूत राहतात. पाण्यातला कंपास राहतो. घड्याळी काट्यांच्या जुन्या पॅनेलवर कृत्रिम क्षितिज आणि हेडिंग दाखवणारा जायरो व्हॅक्यूम पंपावर चालतो, तोही राहतो. सेसना १७२ चा स्टॉल वॉर्निंगचा (वेग फार कमी होऊन पंख उचल गमावण्याआधी वाजणारा) भोंगा हवेच्या ओढीवर वाजतो, म्हणून तोसुद्धा राहतो. पाइपरमध्ये मात्र तो विजेवर असतो.

जातात त्या गोष्टी: रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र), जीपीएस, सगळे दिवे, टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारा मीटर), पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ साचू नये म्हणून असलेला हीटर), सेसनाचे फ्लॅप (उतरताना खाली येणारे पंखांचे मागचे भाग) आणि पेट्रोलचे गेज. यातला शेवटचा नवख्याला सगळ्यात जास्त फसवतो. टाकी अर्धी भरलेली असते आणि व्होल्टेज पडलं की गेजची सुई हळूहळू रिकाम्याकडे कलते. निघताना काठी घालून मोजलेलं पेट्रोल आणि गेलेला वेळ यांचा हिशोब कागदावर असेल तर त्या सुईची भीती वाटत नाही.

तुमच्या विमानात काचेचं पॅनेल, म्हणजे काट्यांऐवजी डिजिटल पडदे, असेल तर स्टँडबाय बॅटरी कुठे आहे, ती कोणत्या स्विचने आर्म होते आणि तिच्यावर कोणता स्क्रीन चालतो, हे हँगरमध्ये बसूनच पाहून घ्या.

डायमंड कंपनीच्या डिझेल इंजिनाच्या विमानांवर शिकणाऱ्यांनी वरचा इंजिनाचा दिलासा स्वतःला देऊ नये. तिथे इंजिन चालवणारा संगणक विजेवर जगतो. ४ मार्च २००७ ला जर्मनीत श्पायर इथे डायमंडच्याच एका दोन इंजिनांच्या डीए४२ ची बॅटरी उतरलेली होती. बाहेरून वीज जोडून विमान सुरू केलं, उड्डाण केलं, आणि चाकं वर घ्यायला लिव्हर उचललं. चाकांच्या मोटरने इतका करंट ओढला की व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, दोन्ही इंजिनांचे संगणक रीसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकदम थांबली. आपल्याकडे मल्टी-इंजिनचं शिक्षण बऱ्याच ठिकाणी डीए४२ वरच होतं. म्हणून उतरलेल्या बॅटरीला धक्का देऊन उडायचं नाही, हा नियम त्यांनी लाल शाईने लिहून ठेवावा. खरं तर सगळ्यांनीच.

ओळखायचं कसं

अल्टरनेटर गेला की काही भडका उडत नाही. इंजिनाचा आवाज तोच, विमान तसंच, बाहेर उजनीचं पाणी चमकतंय. बदलते ती एक सुई आणि एक छोटा दिवा. माझ्या बाबतीत लो-व्होल्टेजच्या दिव्यावर सकाळचं ऊन पडत होतं. तो केव्हापासून लागला होता, मला आजही सांगता येणार नाही.

सुई वाचताना एक घोळ होतो. जुन्या सेसनात मीटर बॅटरीचा असतो. शून्य मधोमध, उजवीकडे चार्जिंग, डावीकडे डिस्चार्ज. तिथे शून्याच्या जवळ म्हणजे सगळं ठीक, बॅटरी भरलेली. बऱ्याच पाइपरमध्ये लोडमीटर असतो. तो अल्टरनेटर किती करंट देतोय ते दाखवतो, आणि तिथे शून्य म्हणजे अल्टरनेटर गेला. एकाच आठवड्यात दोन्ही विमानं उडवणारा विद्यार्थी इथे हमखास गडबडतो. आकड्यांचा व्होल्टमीटर असेल तर बरंच सोपं. २८ व्होल्टच्या यंत्रणेत अल्टरनेटर चालू असताना आकडा साधारण २८ च्या आसपास दिसतो. सेसना १७२ एस मध्ये तो २४.५ च्या खाली गेला की लो-व्होल्टेजची सूचना लागते. जुन्या १४ व्होल्टच्या विमानांत हे आकडे साधारण निम्मे समजा.

मीटरच खोटं बोलतोय अशी शंका असेल, आणि सुरुवातीला ती येतेच, तर एक क्षण लँडिंग लाइट लावून बंद करा. सेसनातली सुई आणखी डावीकडे गेली आणि तिथेच राहिली, तर भार खरंच बॅटरीवर आहे. अल्टरनेटर जिवंत असेल तर सुई दचकून परत येते.

बाकीच्या खुणा उशिरा येतात. समोरचा म्हणतो, तुमचा आवाज तुटतोय. ऐकू येत असतं पण बोलणं पोचत नाही, कारण बोलायला ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. ट्रान्सपाँडरचा लुकलुकणारा दिवा थांबतो. जीपीएसचा पडदा काळा होतो. हे दिसायला लागेपर्यंत बॅटरी बरीच संपलेली असते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तासभर क्रूझ केल्यावरही सुई उजवीकडे जोरात टेकलेली असेल तर बॅटरीत जास्त करंट घुसतोय. जुन्या १७२ च्या हँडबुकप्रमाणे क्रूझच्या अर्ध्या तासानंतर सुई दोन सुयांच्या जाडीपेक्षा जास्त उजवीकडे नसावी. जास्त चार्जिंगने बॅटरी तापते आणि आतलं पाणी उडतं. व्होल्टेज फारच वर गेलं तर संरक्षणाची यंत्रणा अल्टरनेटरला स्वतःच बाजूला काढते, आणि मग तुम्हाला लो-व्होल्टेजचाच दिवा दिसतो.

जमिनीवर कमी आरपीएमला, सगळे दिवे लावलेले असताना, तो दिवा लागला तर लगेच परत फिरू नका. थ्रॉटल थोडं पुढे करा. विझला तर ठीक. इंजिन सुरू झाल्यावर सुई डावीकडे टोकाला गेलेली दिसली तर मात्र स्टार्टर अडकून चालू राहिला असण्याची शक्यता आहे. तेव्हा इंजिन बंद करा आणि खाली उतरा.

पहिली दोन मिनिटं

विमान उडवा. हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षक म्हणतो आणि प्रत्येक विद्यार्थी मान डोलावतो. माझं झालं ते असं: सुईकडे वाकून बघत असताना विमान तीनशे फूट खाली गेलं आणि वीस अंश वळलं. सुई पळून जाणार नाही. आधी ट्रिम, हेडिंग, उंची.

मग गुडघ्यावरच्या कागदावर वेळ लिहा. हे माझ्याकडून राहिलं, आणि त्यावर मी पुढे बोलणार आहे.

त्यानंतर चेकलिस्ट काढा, आठवणीवर जाऊ नका. जुन्या १७२ मध्ये क्रम साधारण असा असतो: एव्हिऑनिक्सचा (रेडिओ आणि नॅव्हिगेशनच्या यंत्रांचा) स्विच बंद, अल्टरनेटरचा ब्रेकर आत आहे का ते बघायचं, मास्टरच्या दोन्ही बाजू (बॅटरी आणि अल्टरनेटर) बंद, मग दोन्ही चालू, दिवा विझला का ते बघायचं, आणि मगच एव्हिऑनिक्स परत. नव्या १७२ एस मध्ये मास्टरची फक्त अल्टरनेटरची बाजू बंद-चालू करतात. एव्हिऑनिक्स आधी बंद करतात ते झटक्यापासून रेडिओ वाचवायला. त्या काही सेकंदांत तुम्ही बहिरे असता, म्हणून गजबजलेल्या हद्दीत असाल तर आधी कळवा.

यामागचं कारण असं की अल्टरनेटरला स्वतः वीज तयार करायला आधी थोडी वीज लागते. ती मास्टर स्विचमधून, एका नियंत्रकातून येते. व्होल्टेजच्या एखाद्या उसळीने त्या नियंत्रकाने अल्टरनेटर तोडला असेल तर बंद-चालू केल्यावर तो परत कामाला लागतो. पुष्कळदा लागतोसुद्धा. पण हा प्रयत्न एकदाच. दुसऱ्यांदा पुन्हा तुटला तर आत काहीतरी खरंच बिघडलेलं आहे.

ब्रेकर बाहेर आलेला असेल तर तेच. घरातला एमसीबी पडला की आपण तो सवयीने वर करतो, आणि हीच सवय इथे नडते. जे यंत्र उतरण्यासाठी गरजेचं नाही, त्याचा ब्रेकर हवेत आत दाबायचाच नाही. गरजेचं असेल, वास नाही, धूर नाही, तर मिनिटभर थांबून एकदा दाबायचा. १० जुलै २००७ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅनफर्डजवळ एक सेसना ३१० घरांवर पडलं आणि पाच जण गेले, त्यातले तिघे जमिनीवरचे. आदल्या दिवशीच्या पायलटला हवेत जळका वास आला होता. त्याने वेदर रडारचा ब्रेकर ओढला, वास थांबला, त्याने तशी नोंदही केली. दुरुस्ती न होता विमान दुसऱ्या दिवशी निघालं. तो ओढलेला ब्रेकर पुढच्या उड्डाणाआधी परत आत दाबला गेला असावा, असं तपास करणाऱ्यांचं म्हणणं होतं.

आता लोडशेडिंग

अल्टरनेटर आला नाही तर मास्टरची अल्टरनेटरची बाजू बंद ठेवा, नाहीतर तो मेलेला असूनही करंट खात राहील. आता तुमच्याकडे फक्त बॅटरी आहे.

हिशोब करू. छोट्या विमानातली २४ व्होल्टची बॅटरी साधारण १२-१४ अँपिअर-अवरची असते. वीस अँपिअरचा भार तसाच चालू ठेवला तर १२ ची बॅटरी कागदावर ३६ मिनिटं पुरेल. भार सहावर आणला तर कागदावर दोन तास. प्रत्यक्षात यातलं निम्मं धरा. बॅटरी जुनी असते, ती इंजिन सुरू करताना दमलेली असते, आणि तुम्ही दिवा बघायच्या आधीच तिचा काही भाग गेलेला असतो. अल्टरनेटर गेल्यावर अत्यावश्यक भाराला बॅटरी किमान अर्धा तास पुरावी, अशी अट अमेरिकी प्रमाणन नियमांत २०१७ पर्यंत होती. पण ती चांगल्या बॅटरीची आणि भार लगेच कापणाऱ्या पायलटची गोष्ट.

म्हणून वेळ लिहायची. १०:१२ ला गेला हे कागदावर असेल तर १०:४२ नंतर रेडिओ नाही असं धरून आखणी करता येते. वेळ लिहिलेली नसेल तर प्रत्येक मिनिटाला तोच प्रश्न, किती उरली असेल?

बंद करायचा क्रम सोपा आहे. जे तापतं ते आधी, जे उजळतं ते नंतर, जे बोलतं ते शेवटी. पिटो हीट सगळ्यात आधी, कोरड्या हवेत तिचं काही काम नाही. लँडिंग लाइट, टॅक्सी लाइट, स्ट्रोब. दुसरा रेडिओ, दुसरं नॅव्हिगेशन, ऑटोपायलट. पंखा असेल तर तोही, घाम आला तरी चालेल. आयपॅड विमानाच्या चार्जरवर लावलेला असतो, तो काढा. हा लोक हटकून विसरतात.

उरतात एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर. बाहेर स्वच्छ दिसत असेल, आसपास रहदारी नसेल आणि वाट ओळखीची असेल, तर एकदा सगळं बोलून झाल्यावर रेडिओही बंद करून सर्किटजवळ, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चकरेजवळ, आल्यावर लावता येतो. हे करायचं ते सांगून, मुकाट्याने नाही.

कुठे जायचं आणि कोणाला सांगायचं

मी टेंभुर्णीवर होते. सोलापूर पुढे पंचेचाळीस मैलांवर, घरची धावपट्टी मागे साधारण पस्तीसवर. फरक पाच-सात मिनिटांचा. घर ओळखीचं होतं, तिथे रेडिओशिवाय कोण काय करेल हे मला माहीत होतं, आणि परतीच्या वाटेवर उजनीचा फुगवटा आणि पुणे-सोलापूर हायवे डोळ्यांसमोर होता. जीपीएसची गरजच नव्हती. मी परत फिरले. एवढा एक निर्णय मी बरोबर घेतला, तोही पाच-सहा मिनिटं उशिरा.

निवडताना अंतराबरोबर हे बघा: रेडिओ गेला तर तिथे शिरता येईल का? पुण्याचं लोहगाव हवाई दलाच्या ताब्यातलं विमानतळ आहे, लढाऊ विमानं आणि एअरलाइनची विमानं एकाच धावपट्टीवर. जिवावर बेतलं तर समोरची कुठलीही धावपट्टी आपलीच. पण इंजिन नीट चालतंय, ऊन आहे, तर मुक्याने तिथे घुसण्यापेक्षा छोटं, मोकळं मैदान बरं. ढगांच्या वर किंवा आत असाल, किंवा अंधार पडायला आला असेल, तर मात्र जवळचं आणि आत्ताचं हेच खरं.

मग बोला, बॅटरी ताजी असतानाच. एकाच दमात: कॉलसाइन, अल्टरनेटर निकामी, जागा, उंची, कुठे जातोय, किती वाजता पोचेन, रेडिओ जाऊ शकतो, गेला तर अमुक सर्किटमधून येईन, दिव्याची खूण द्या. मदत हवीशी वाटत असेल तर पॅन-पॅन (मेडेच्या खालचा, तातडीचा इशारा) म्हणायला लाजू नका. "किरकोळ प्रॉब्लेम आहे" हे शब्द टाळा.

हे सांगण्यामागे एक जुनी घटना आहे. ११ ऑक्टोबर १९८३ च्या रात्री अमेरिकेत एअर इलिनॉय कंपनीचं हॉकर सिडली ७४८ स्प्रिंगफील्डहून कार्बनडेलला निघालं. हेच विमान आपल्याकडे कानपूरला एचएएलने बांधलं आणि हवाई दलात ते अॅव्हरो म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे आपल्या लोकांना ते परकं नाही. उड्डाणानंतर दीड-दोन मिनिटांत डावा जनरेटर गेला. घाईत सहवैमानिकाने बहुधा चुकून उजवा, म्हणजे चांगला जनरेटर तोडला, आणि तो परत काही आला नाही. मागे जायला काही मैल होते. विमानातून कंट्रोलला सांगितलं गेलं की थोडासा विजेचा प्रश्न आहे, पुढे जातोय. पुढचा प्रवास चाळीस मिनिटांचा, तोही ढगांत. बॅटरी तेवढी पुरली नाही. दहाही जण गेले.

हवेत आहात, दोन स्विच शेजारी शेजारी आहेत, आणि एक बंद करायचाय: बोट ठेवा, नाव मोठ्याने वाचा, मग दाबा. एकटे असाल तरी मोठ्याने.

मुक्याने उतरणं

ट्रान्सपाँडरमध्ये जीव असेल तर ७६०० (रेडिओ गेल्याचा कोड) टाका. टॉवर असलेल्या ठिकाणी सर्किटमध्ये या आणि टॉवरच्या काचेकडे बघत राहा. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा. हिरवा लुकलुकतोय म्हणजे उतरण्यासाठी परत या, पण उतरायची परवानगी अजून यायची आहे. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लाल लुकलुकतोय म्हणजे मैदान धोक्याचं, उतरू नका. दिसलं हे कळवायला दिवसा पंख हलवायचे. परीक्षेसाठी हे सगळे पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. मी गुडघ्याच्या पॅडच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवलंय.

टॉवर नसेल तर धावपट्टीवरून सर्किटच्या उंचीपेक्षा वर एक चक्कर मारा, वाऱ्याची नळी बघा, सर्किटमध्ये कोण आहे ते मोजा. तुम्हाला कोणी ऐकत नाहीये, पण बाकीचे एकमेकांशी बोलत आहेत आणि तुमच्यासाठी जागा करतीलच असं नाही. फोन शेवटचा उपाय. टॉवरचा आणि शाळेच्या ऑपरेशन्सचा नंबर सेव्ह असलेला बरा, मात्र सर्किटमध्ये फोनवर बोट फिरवत बसायचं नाही.

फ्लॅपचा विचार डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, नाही, त्याच्या खूप आधी करा. उरलेल्या विजेवर ते पूर्ण खाली गेले आणि मग गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा चढणं) करावं लागलं, पण वीज संपली, तर पूर्ण फ्लॅप लटकवून चढायचं आहे. मे महिन्यात, दख्खनच्या उन्हात, पातळ हवेत, दोन माणसं बसलेली असताना ते सेसना किती चढेल याचा अंदाज ज्याने घेतलाय तो पुन्हा घेणार नाही. म्हणून मी फ्लॅपशिवाय उतरणं शिकवते, किंवा फार तर दहा अंश. १७२ एस मध्ये फ्लॅपशिवाय अप्रोच ६५ ते ७५ नॉट. नाक नेहमीपेक्षा वर दिसतं, विमान तरंगत राहतं, धावपट्टी जास्त लागते. फायनल, म्हणजे धावपट्टीकडची शेवटची सरळ वाट, थोडं लांबचं घ्या आणि वेग आवरा. घाईत लोक ८० ने येतात आणि मग अर्धी धावपट्टी तरंगण्यात जाते.

चाकं आत जाणारं विमान असेल तर हाताने चाकं उतरवायची पद्धत अशा वेळी पहिल्यांदा वाचायची नसते. सरळ, उंचीवर असताना, चेकलिस्ट हातात धरून करा. चाकं लॉक झाल्याचे हिरवे दिवेही विजेवरच लागतात, हे ध्यानात ठेवा.

मी फ्लॅपशिवाय उतरले. जरा लांब, पण सरळ. पार्किंगला माझे प्रशिक्षक, सर, उभे होते. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती वाजता गेला?"

"माहीत नाही, सर."

"मग बॅटरी किती उरली होती?"

"तेही माहीत नाही."

"अगं, मग तू एवढा वेळ वर काय हिशोब करत होतीस?"

हिशोब मी काहीच करत नव्हते. हायवे बघत होते आणि देवाचं नाव घेत होते.

धूर किंवा वास आला तर वरचं सगळं बाजूला

अल्टरनेटर जाणं हा वेळेचा प्रश्न आहे. वायर जळाल्याचा वास आला तर तुमच्याकडे वेळच नाही. सेसनाच्या पद्धतीत मास्टर ताबडतोब बंद. इंजिन चालू राहील, मॅग्नेटोला हात लावायचा नाही. हवेच्या आणि हीटरच्या वाटा बंद, गरज पडली तर अग्निशामक, मग एव्हिऑनिक्स आणि बाकीचे स्विच बंद. आग विझल्याची खात्री झाली की हवा खेळती करा. वीज खरंच लागणार असेल, म्हणजे ढग किंवा अंधार असेल, तरच मास्टर लावून एक-एक यंत्र, मध्ये थांबून, वास घेत घेत. उडालेला ब्रेकर तसाच राहू द्या. दिवसा, मोकळ्या हवेत असाल तर मास्टर परत लावायचा मोह टाळा आणि जवळच्या धावपट्टीवर जा.

उतरल्यावर, आणि पुढच्या वेळी उडण्याआधी

टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिहा. "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम" एवढंच लिहिलं तर एएमई, म्हणजे विमानाचा देखभाल अभियंता, तुमच्याकडे केविलवाण्या नजरेने बघेल. किती वाजता, कोणत्या आरपीएमला, सुई कुठे होती, व्होल्ट किती, कोणता ब्रेकर उडाला, काय केल्यावर काय झालं, ते लिहा. स्नॅग लिहिला म्हणून उद्याची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची पाळी, जाईल, म्हणून तोंडी सांगून सोडून देणारे विद्यार्थी मी पाहिलेत. सॅनफर्डला तर लेखी नोंद असूनही विमान गेलं.

माझ्या विमानात अल्टरनेटरचा पट्टा तुटलेला निघाला. प्रॉपेलरच्या मागे, नाकापाशी हवा आत जायच्या तोंडातून तो पट्टा अनेक १७२ मध्ये दिसतो. प्री-फ्लाइटला तिथे टॉर्च मारून भेगा, सुटलेले धागे आणि ढिलेपणा बघायला अर्धा मिनिट लागतो. प्रॉपेलरच्या जवळ हात नेण्याआधी किल्ली बाहेर, मॅग्नेटो बंद, हे वेगळं सांगायला नको. इंजिन सुरू झाल्यावर सुई उजवीकडे जाऊन हळूहळू मधोमध आली पाहिजे. रन-अपच्या (उडण्याआधी इंजिन वाढवून तपासण्याच्या) वेळी लँडिंग लाइट लावा: सुई एका सुईच्या जाडीइतकी हलून परत जागेवर आली पाहिजे. आली नाही, तर त्या दिवशी टॅक्सीवेवरूनच परत फिरा आणि चहा प्यायला जा.